कापलेलं इंजिन

माझ्या भावाचं कौतुक माझ्यापुढे करू नका. सख्खा आहे, पाठचा आहे, लहानपणी मीच कडेवर घेऊन मिरवला. तरीही नको.

आमचे हे लष्कराच्या विमानतळावर फिटर. तिथे शिकाऊ वैमानिकांची पंख्याची विमानं असायची. पुढे तळ बंद पडला, धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलं आणि मोठ्या हँगरचं संग्रहालय झालं. माझा भाऊही तिथलाच, ह्यांच्या हाताखाली पाना धरायला शिकलेला. तो संग्रहालयाचा व्यवस्थापक झाला, टाय बांधायला लागला. हे मात्र निवृत्त होऊनही रोज डबा घेऊन तिकडेच! कोपऱ्यात एक विमान गंजत पडलं होतं, त्याचं इंजिन ह्यांना पुन्हा चालू करायचं होतं. उडवायचं नाही हो. धावपट्टीवर ढकलत न्यायचं आणि पंखा फिरलेला बघायचा, एवढंच.

त्यापायी आमच्या न्हाणीघराला कायम रॉकेलचा वास. माझ्या चांगल्या परातीत वॉल्व्ह भिजत घातलेले.

"त्या सवतीला एकदा घरीच घेऊन या," मी म्हणायची, "निदान जेवायला तरी वेळेवर याल."

"चालू झाली की पहिली तुला दाखवीन," हे हसायचे.

ह्या लोकांची एक रीत आहे. काम अर्धवट ठेवून जायचं असलं की विमानाला लाल पट्टी बांधायची. पट्टी आहे तोवर कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. साहेबाचा बाप आला तरी! कारण आत कुणाचा तरी हात अडकलेला असू शकतो.

इंजिन जुळलं, तेल भरायचं तेवढं राहिलं, आणि ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ह्यांनी पट्टी बांधली, दोनदा ओढून बघितली. दवाखान्यात सोडायला भाऊ स्वतः आला.

"भाऊजी, निश्चिंत राहा. तुम्ही येईपर्यंत कुणी बोट लावणार नाही."

डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगी दिली तशी मी ह्यांना काळा चष्मा घालून घेऊन गेले. दारातच पोरांचा कलकलाट. विमानाचं नाक रिकामं होतं. इंजिन खाली एका चौथऱ्यावर, एका अंगाने उभं कापलेलं, कडांना लाल रंग फासलेला. पोरं बटण दाबत होती आणि आतले दट्टे विजेच्या मोटरवर वर-खाली होत होते. ह्यांनी चष्मा काढला. कापलेल्या कडेवरून हात फिरवत राहिले.

इंजिन ज्यांनी कापलं ते जुने वेल्डर तिथेच होते. ते बिचारे खुशीत पुढे आले. "पट्टी सुटलेली दिसली, म्हटलं तुम्ही येऊन सोडून गेलात. तुम्हीच हो म्हटल्यावर आम्ही कोण विचारणार?"

पट्टी दुसरा कुणी सोडेल, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी तडक भावाच्या केबिनमध्ये गेले. तो खुर्चीतून उठलाच नाही.

"मीच सोडली, ताई. इंजिन चालू करायला वरून नकार आला होता. मागच्याच वर्षी."

"मागच्या वर्षी? आणि हे वर्षभर तिथे मरमर मरत होते, तेव्हा तुझी जीभ झडली होती का रे?"

"सांगितलं असतं तर भाऊजींनी काम सोडलं असतं. मग इंजिन आतून इतकं लख्ख कुणी करून दिलं असतं?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! बाहेरच्याने केलं असतं तर मी म्हटलं असतं, मेल्याला काय कळतंय. ह्याला सगळं कळत होतं.

बाहेर आले तर ह्यांच्या बरोबरीचा एक जुना फिटर तावातावाने विचारत होता, "हे कापायला परवानगी दिली कुणी?" पाच-सहा जण जमले होते. भाऊ केबिनच्या दारात येऊन उभा राहिला, तोंड पांढरंफटक.

"मी दिली," हे म्हणाले. "म्हटलं, पोरांना आतलं दिसू दे."

घरी येऊन मी ह्यांच्यावर तुटून पडले. "त्या नालायकाला कशाला पाठीशी घातलंत? सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं असतं त्याचं!"

"तुझे आईवडील गेले," हे म्हणाले. "माहेर म्हणून तो एवढा एकच उरलाय तुला. तेही माझ्यापायी तुटायचं का?"

मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले.

भाऊ अजून येतो. "ताई, चहा टाक," म्हणतो, मी टाकते. पण चार शब्दांपलीकडे माझ्या तोंडून काही निघत नाही, आणि आतून तर तो माझ्यासाठी त्याच दिवशी मेला. ह्यांना वाटतं, बायकोचं माहेर आपण सांभाळलं. वाटू दे. ह्यांच्या हातचं एवढं तरी धड राहू दे.