तयार कबर

दि. २३ मे २०२४, रुपये एक हजार चारशे पन्नास. मी जिथे वरिष्ठ कारकून आहे ती आमची नगरपंचायत एका कबरीच्या खोदाईला एवढे पैसे देते. त्या दिवशी चाँदने खोदलेली कबर दिवस मावळायच्या आत भरली.

आमचं गाव बीडहून धारूरला जाताना घाटाच्या अलीकडे लागतं. कब्रस्तान माळावर आहे. वर दोन फूट मुरूम, खाली काळा खडक. तिथे चाँद पस्तीस वर्षं कबरी खोदत होता, त्याच्या आधी त्याचा बाप. उन्हाळ्यात एका कबरीला दीड दिवस लागतो आणि मयत तेवढं ठेवता येत नाही, म्हणून चाँद मार्चपासून पाऊस पडेपर्यंत एक कबर कायम तयार ठेवी. उघडी रिकामी कबर माणूस बोलावते असं गावात मानतात, म्हणून तिच्यावर पत्रा टाकी. रिकाम्या कबरीचं बिल निघत नाही. ती भरल्यावर निघतं.

चाँद सहा फुटांच्या वर होता. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तो चहाला आला की पोरंटोरं नाही, चांगली पिकल्या केसांची माणसं त्याला छेडत.

"बे चाँद, माझ्याकडं असं बघू नको. माप घ्यायलास काय?"

"तुझं कवाच घेतलंय. तयार कबर पावणेसहा फुटी हाय, गावातले समदे बसत्यात तिच्यात." चाँद बशीतला चहा फुंकत म्हणे, "मीच बसत न्हाई."

त्या दिवशी दुपारी साडेबाराला तो तयार कबरीचा तळ फोडत होता. कडेचा धोंडा सुटून त्याच्या डाव्या मांडीवर आला. त्याची बायको रहेमतबी भाकरी घेऊन गेली तेव्हा तो आत पडलेला, आणि मुरूम रक्ताने भिजलेला. तिने रुग्णवाहिकेला फोन लावला.

"पेशंट कुठं आहे?"

"कब्रस्तानात."

"कब्रस्तानात कुठं?"

"कबरीत पडलेत."

"बाई, मग आम्हाला कशाला फोन करता?" आणि फोन बंद झाला.

नंतर शेजारच्या गॅरेजवाल्या आमेरने परत फोन लावून नीट सांगितलं. तोवर गाडी घाटातल्या अपघाताकडे निघाली होती. दीड तास लागेल म्हणाले. मयत न्यायचा मशिदीतला जनाजा, म्हणजे तिरडीसारखी खाट, जवळच होता, पण जिवंत माणसाला त्यावर ठेवायला कुणाचा हात धजला नाही. धोंडा सरकवून चौघांनी त्याला कबरीवरच्या पत्र्यावर घालून बाहेर काढलं. आमेरने रिक्षा आणली, पण मांडीचं हाड मोडलेलं. आत बसवायला गेले तर चाँद ओरडून बेशुद्ध झाला. त्याला परत पत्र्यावर निजवलं. झोपवून नेता येईल अशी गावात त्या घडीला एकच गाडी होती, नगरपंचायतीची शववाहिनी, आणि ती माझ्या खिडकीखाली उभी होती.

रहेमतबी दीड वाजता माझ्या टेबलासमोर आली. ओढणीला रक्त लागलेलं.

"साहेब, गाडी द्या. बीडला न्यायचंय."

"भाभी, ती मयताची गाडी हाय," दारातून ड्रायव्हर बंकट म्हणाला. "जित्या माणसाला झोपवायचं तिच्यात?"

"ते जिते हायत म्हणूनच मागायले ना बंकटभाऊ! मेल्यावर मला काय घाई हाय?"

शववाहिनी डॉक्टरच्या मृत्यूच्या चिठ्ठीवर सोडायची, असा आमचा ठराव आहे. त्याचा मसुदा मीच केला होता, कारण आधी लोक तिच्यातून लग्नाची भांडी नेत. मुख्याधिकारी बीडला बैठकीत होते. मी फोन लावला.

"तुम्ही जुने आहात," ते म्हणाले. "नियमात बसत असेल तर द्या."

मी ठरावाची फाईल काढून वाचली. बसत नव्हतं. मी तसं सांगितलं.

टेबलावरची माझी पाण्याची बाटली उचलून रहेमतबी माळाकडे पळाली. त्या पाण्यातलं थोडं चाँद प्याला, असं आमेर नंतर म्हणाला. पावणेतीनला तो गेला. रुग्णवाहिका तीनला आली. तिच्यातल्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली आणि चिठ्ठी आल्यावर चार मिनिटांत बंकटने शववाहिनी काढली.

गुस्ल, म्हणजे मयताची आंघोळ, देऊन चाँदला परत माळावर आणलं तेव्हा तो खरंच बसेना. कबर वीतभर कमी पडली. एवढा खडक फोडायला चार जणांना अडीच तास लागले. लोक उभे होते. खडकावर पहार आपटत होती आणि जनाजा शेजारी ठेवलेला होता. कबर खोदणारा गावात दुसरा कुणी नव्हता.

जूनमध्ये रहेमतबी बिलाला आली. फॉर्मवर मयताचं नाव लागतं आणि खोदणाऱ्याचं नाव नि अंगठा लागतो. मी दोन्ही ठिकाणी एकच नाव लिहिलं. अंगठ्याची जागा रिकामी राहिली. त्याऐवजी कोर्टाचं वारस प्रमाणपत्र चालतं, पण त्याचा खर्च बिलापेक्षा जास्त आहे. ती तीनदा आली. तिसऱ्यांदा मी खिशातून पैसे काढले.

"तुमचे नको साहेब," ती म्हणाली. "त्यांच्या खोदाईचे द्या."

तयार कबर आता कुणी ठेवत नाही. येत्या ऑगस्टअखेर मी निवृत्त होतो आहे. चाँदचे एक हजार चारशे पन्नास रुपये देणे आहेत.