फुकटची शमी

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या रविवारी, कळव्यातल्या आमच्या सोसायटीने इमारतीमागच्या बागेसाठी साडेचार हजारांचं लेंडीखत मंजूर केलं. हजर तिघं: चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार म्हणून मी. खत खाडीकडच्या एका शेळीवाल्याचं.

लावलेलं काहीच जगलं नाही. खतातून मात्र बारीक पानांची काटेरी रोपं वर आली. चेअरमन खूश. "वहिनी, शमी! नर्सरीत पैसे मोजावे लागतात, इथे फुकट."

माझ्या सासूबाईंनी लगेच हात जोडले. गणपतीला शमी, दसऱ्याला शमी. त्या रोज पाणी घालू लागल्या, आणि दर शनिवारी सगळ्यात मोठ्या रोपाला अनवाणी प्रदक्षिणा.

दीड वर्षात ते झाड डोक्यावर गेलं. खाली गवत उगवेना. फांद्यांत पिशव्या आणि वापरलेले डायपर, बुंध्याशी घुशींची बिळं, आणि वर चिकटलेलं हळदकुंकू.

गावाहून माझा भाऊ आला. एक फांदी वाकवून बघितली आणि हसलाच. "ताई, ही वेडी बाभूळ. शेळ्या शेंगा खातात, बी लेंडीतून तसंच बाहेर पडतं. तुम्ही पूजा करताय होय हिची?"

सासूबाई ऐकेनात. "त्याला काय कळतंय? इतके शनिवार केलेत मी."

पुढच्याच शनिवारी त्यांच्या पायाच्या करंगळीखाली काटा मोडला. डायबेटिस असून त्यांनी ते लपवलं. मला कळलं ते वासावरून. पट्टी सोडली तर पू आणि काळं पडलेलं बोट. डॉक्टर म्हणाले, "पाय वाचवायचा तर करंगळी जाणार."

ऑपरेशननंतर चेअरमन केळी घेऊन आले. तेव्हाही म्हणाले, "वहिनी, नुसती छाटू या का? मुळासकट काढायला खर्च फार."

"छाटली की दुपटीने फुटते," मी म्हटलं. शिसारी आली होती मला, झाडाची जास्त की चेअरमनची, सांगता येणार नाही.

सासूबाई पलंगावरून ओरडल्या, "अरे मेल्या, मुळासकट काढ! आणि ती केळी घेऊन जा तुझी."

मुळं खणून काढणाऱ्या दोघांना सोसायटीने सात हजार दिले. हॉस्पिटलला बासष्ट हजार आम्ही भरले.