बॅनरच्या दुसऱ्या टोकाला

गेल्या उन्हाळ्यात मी आमच्याच पक्षाच्या नेत्याच्या फोटोवर मटका फेकला. नुसता फेकला नाही. दोन पावलं मागं सरकून, हात चांगला ताणून, 'मुर्दाबाद' म्हणत फेकला. तोही विरोधकांच्या मोर्चात, विरोधकांच्या टाळ्यांच्या कडकडाटात.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी आमच्या भिंतीबद्दल सांगावं लागेल.

आमच्या कॉलनीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. माझ्या आणि शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात भिंत एकच. संभाजीनगरात राहणाऱ्याला नळाचं वेगळं काही सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं पाणी रोज येत नाही. पाहुण्यासारखं येतं, आणि येताना कळवत नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी. मग ज्याच्या घरात आधी सुगावा लागेल त्यानं लाटणं घेऊन भिंतीवर ठक-ठक-ठक करायचं, की पलीकडच्यानं धावत जाऊन मोटार लावायची. हा करार आम्ही कधी बोलून केला नाही. शेजारी आणि मी वाळूजच्या एकाच कारखान्यात होतो. तो प्रेस शॉपला, मी स्टोअरला. शिफ्टच्या बसमध्ये एका बाकावर बसून आमचे केस पांढरे झाले. भिंतीवरच्या त्या जागेचा रंग पार उडालाय. रंगारी आला की माझी बायको सांगायची, "तेवढी जागा सोडा हो, ती आमची बेल आहे."

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी भजनाला जातं, कुणी शेअर घेतं. आम्ही दोघांनी पक्ष घेतले. वेगवेगळे.

सुरुवातीला त्यात गंमत होती. पण एकदा त्याच्या पक्षानं जालना रोडवर रास्ता रोको केला आणि मी नेमका रिक्षात अडकलो. उन्हात शिजून निघालो. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर तो भेटला, तर मी सगळ्यांसमोर सुरू झालो.

"याला आंदोलन म्हणतात? हा निव्वळ पिसाटपणा आहे. डोकं घरी ठेवून आलेली माणसं सगळी."

तो शांतपणे बशीत चहा ओतत म्हणाला, "मागल्या साली तुमच्या लोकांनी ह्याच रोडवर टायर जाळले. तवा तू मला मोबाइलवर फोटू दाखवत व्हता. काय म्हणला व्हता? 'बघ, जनतेची तळमळ बघ.'"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं व्हतं? टायरची कंपनी?"

टपरी हसली. माझ्यावर कुणी हसलं की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही, ही जुनी तक्रार आहे. मी म्हणालो, "आमची माणसं विचार करून येतात. तुम्ही नंदीबैल आहात. गुबुगुबू वाजलं की माना हलवत निघालात."

त्यानं बशी खाली ठेवली. चहा तसाच. "मी नंदीबैल," तो म्हणाला, "बरं." आणि निघून गेला.

त्यानंतर पाणी आलं तेव्हा भिंत वाजली नाही. पलीकडं मोटारीची घरघर ऐकून आम्ही धावलो तोवर धार करंगळीएवढी झाली होती. पुढच्या खेपेला नळाची चाहूल आधी आम्हाला लागली. बायकोनं लाटणं उचललं, तर मी तिचा हात धरला. "राहू दे. त्याला गरज असेल तर आधी तो ठोकेल."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला सोयगावला गेलेली होती. घरी तो एकटाच. त्या संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं, तो टँकरवरून कॅन भरून आणत होता. त्याचा एक गुडघा कामातून गेलेला आहे. आमच्या पायरीजवळ कॅन टेकवून तो क्षणभर उभा राहिला. मी पडदा ओढून घेतला. बायको मागून म्हणाली, "आज मला आपल्या टाकीचं पाणी गोड लागायचं नाही."

मलाही लागलं नाही. ती भिंत पुन्हा वाजावी एवढंच मला हवं होतं. फक्त लाटणं आधी त्याच्या हातात असावं, अशी अट होती. त्याचीही तीच अट असणार. त्यामुळं भिंत मुकी ती मुकीच.

अशात माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, मोबाइल बंद केला आणि धुळीत जायचं नाही असं बजावलं. त्या चष्म्यातून सगळं जग चहाच्या रंगाचं दिसायचं. पाण्यासाठी आमच्या पक्षाचा हंडा मोर्चा क्रांती चौकातून निघणार, हे मला आधीच ठाऊक होतं. ज्याच्या टाकीत पाणी नाही त्यानं घरी बसायचं म्हणजे काय? मी पिशवी घेतली.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"कोथिंबीर आणतो."

"कोथिंबीर दारावर येते."

"गुलमंडीची ताजी असते," म्हणत मी सटकलो.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्याच दिवशी, त्याच विषयावर, त्याच चौकातून दुसऱ्या पक्षाचाही मोर्चा होता. दोघं समोरासमोर येऊ नयेत म्हणून पोलिसांनी आमच्या मोर्चाची जागा आदल्या संध्याकाळी बदलली होती. तसा निरोप ग्रुपवर पडलेला होता. पण मोबाइल बंद असलेल्या माणसाला ग्रुप काय सांगणार?

चौकात गर्दी बघून माझी छाती फुगली. डोक्यावर रिकामे हंडे घेतलेल्या बाया, हलगी, झेंडे. झेंड्यांचा रंग चहासारखा, म्हणजे जसा दिसायला हवा तसाच. घोषणाही आमच्याच. 'पाणी आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं.' 'कोण म्हणतं देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही.' एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी असा घसा काढून ओरडलो की एका कार्यकर्त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि बॅनरचा एक बांबूच हातात दिला. "काका, तुम्ही पुढं चला. डोळ्याला पट्टी असून आलात, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत."

पट्टी नव्हती, चष्मा होता. पण अशा वेळी मी दुरुस्ती करत नाही.

बॅनर जरा झुकत होता म्हणून मी दुसऱ्या टोकाकडं बघून ओरडलो, "अहो, ताणा की जरा!" दुसऱ्या टोकाचा बांबू धरलेल्या माणसानं मान वळवली. तो माझा शेजारी होता.

दोघंही थांबलो. मागून बायांचे हंडे आमच्या पाठीवर आदळले.

माझ्या मनात लख्ख उजेड पडला. हा आमच्या मोर्चात! याला पटलं! नंदीबैल म्हणालो ते लागलं असेल, पण विचार केला असेल त्यानं, आणि आला. माझे डोळे भरून आले, त्या डोळ्यांना पाणी लावायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते तरी.

"आलास शेवटी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "आलास व्हय तू," तो म्हणाला. मग म्हणाला, "लई बरं वाटलं गड्या."

मी बांबूसकट त्याच्याकडं गेलो आणि मिठी मारली. बॅनरची घडी झाली. मागून कार्यकर्ता किंचाळला, "अहो बॅनर! बॅनर!"

महापालिकेच्या कार्यालयासमोर मोर्चा थांबला. मी चष्म्यातून सगळं बघत होतो आणि मन कसं पिसासारखं हलकं झालं होतं. एक बाई लुगड्याच्या पदरानं हंडा पुसत होती, घरून निघताना घासून आणलेला. एक जण रात्रपाळी करून वाळूजहून थेट आला होता, उभ्या-उभ्या डुलक्या घेत घोषणा देत होता. दोन पोरं टायर पेटवायच्या खटपटीत होती, तर एका म्हातारीनं त्यांना झापलं, "तिकडं मरा. धुरानं माझा हंडा काळा झाला तर तुमची माय घासणार हाय का?" मी मनात म्हटलं, बघा, ही आमची माणसं. कशी तळमळ, कसा संयम. पलीकडच्यांना हे जमायचं नाही.

मग लाकडी चौकटीवर एक मोठा फोटो उभा केला. गळ्यात रिकाम्या बाटल्यांची माळ. आता मटकेफोड होती. कार्यकर्ता म्हणाला, "पहिला मान काकांना!"

माझ्या हातात मटका आला. फोटोतला चेहरा अंधुक होता. मला बघायची गरजही वाटली नाही. कुणाचा असणार ते मला ठाऊकच होतं. टपरीवरचं हसू, जालना रोडचं ऊन, ओढलेला पडदा, सगळं हातात उतरलं आणि मी मटका फेकला. फुटल्याचा आवाज झाला. लोक खदाखदा हसले, टाळ्या पडल्या. घाम डोळ्यात जाईल म्हणून मी चष्मा काढला.

झेंडे चहाच्या रंगाचे नव्हते. आमच्या रंगाचे तर नव्हतेच. आणि चौकटीवरून, बाटल्यांच्या माळेतून, आमचे साहेब माझ्याकडं बघून हात जोडून हसत होते.

मी चष्मा परत घातला. दुसरं काही सुचलं नाही.

शेजाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "दमलास. चल, रिक्षानं जाऊ."

रिक्षात मी मनाशी हिशेब मांडू लागलो. आता काय करायचं? खरं सांगावं, तर तो म्हणणार, म्हणजे तू माझ्यासाठी आलाच नव्हतास. मिठी फुकट, भिंत पुन्हा मुकी. न सांगावं, तर जन्मभर त्याच्या पक्षाचा म्हणून त्याच्याबरोबर हिंडावं लागणार. रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडं पाहिलं. "चचा, मोर्चे में थे क्या? सुबह से दो निकले. दोनों में वही नारे, वही हंडे. बस, पानी किसीके हंडे में नै."

शेजारी खळखळून हसला. मी चष्मा नाकावर घट्ट बसवला.

घरी बायकोनं विचारलं, "कोथिंबीर?"

ती विसरलोच होतो.

पुढचे काही दिवस मी अंगणात जायचंही टाळलं. पडल्या-पडल्या एकच चित्र डोळ्यांपुढं यायचं, घासलेला हंडा पुसणारी ती बाई. तिला मी आमची समजत होतो तोवर ती तळमळीची. आधी झेंडा दिसला असता तर तीच बाई मला नंदीबैल वाटली असती. हंडा तोच, पदर तोच. आणि पिसाटपणा म्हणाल तर त्या अख्ख्या मोर्चात तो मला खात्रीनं एकाच माणसात दिसला. ज्यानं कुणाला मारतोय हे चष्मा वर करून बघितलंसुद्धा नाही त्याच्यात. टायरवाली पोरं निदान म्हातारीचं ऐकून बाजूला झाली होती. मला झापायला म्हातारी नव्हती.

मग एका दुपारी, चहा उकळत असताना, भिंत वाजली. ठक-ठक-ठक.

बायको उठली ती पळालीच. मोटार सुरू झाली. टाकीत धार पडल्याचा आवाज मी कितीतरी दिवसांनी पहिल्यापासून ऐकला. बायको पदरानं तोंड पुसत होती, पाणी उडालं होतं की आणखी काही होतं ते मी विचारलं नाही. मी मात्र तसाच बाहेर गेलो. चोरीच्या पाण्यानं टाकी भरतेय असं वाटत होतं.

तो अंगणात पाइप धरून उभा होता. मी कुंपणाशी जाऊन म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्या मोर्चात आलो नव्हतो. म्हणजे आलो होतो, पण मला तो आमचा वाटला. चष्म्यामुळं. तुला बघून मला वाटलं, तूच आमच्यात आलास. आणि तो मटका मी आमच्याच साहेबांवर..."

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"तू चष्मा काढला तवा तुझं तोंड बघितलं की मी. मयताला आल्यावानी झालं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"काय बोलू? माझ्या पक्षात तू येशील असं मला सपनात बी वाटलं नव्हतं. पर माझ्या गळ्यात पडून रडला ते तर खरं व्हतं ना? का ते बी चष्म्यानं?"

पाइपातून पाणी त्याच्या तुळशीवरून वाहून माझ्या अंगणात येत होतं.

"आणि भिंत? भिंत का ठोकलीस?"

"पाणी आलं व्हतं म्हणून," तो म्हणाला, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

माझ्या छातीवरून भरलेला हंडा कुणीतरी उतरवून घेतला. मी कुंपणाला टेकलो आणि म्हणालो, "तरी पण गड्या, साहेबांच्या तोंडावर मटका फोडला मी. आमच्या लोकांना कळलं तर..."

त्यानं पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं, धार बंद केली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"कशाला उगा जिवाला लावून घेतो? तुझा मटका फोटूला लागलाच नाय. बंदोबस्ताच्या पोलिसाच्या बुटावर फुटला, म्हणून तर लोकं हसत व्हते. तुझ्यासारखा कार्यकर्ता कोणत्याच पक्षाला परवडायचा नाय."