कमाई कव्हरात

हसणार असाल तरी सांगतो, माझ्या अकलेचं दिवाळं कसं निघालं ते. आधी चहा घ्या.

भांडुपला माझं मोबाइलचं छोटं दुकान. नोकरी सोडून काढलेलं, त्यामुळे सासूबाईंना माझ्याबद्दल कायम शंका. त्या मूळच्या मालवणच्या, राहतात आमच्याकडेच. जावयाला तोंडावर कधी काही बोलत नाहीत. फक्त सुस्कारा सोडतात, आणि तो मला फार लागतो.

तर यंदा शाळा सुरू व्हायच्या वेळी मी ठरवलं, यांना दाखवायचंच. बायकोची एफडी मोडली आणि मुलांसाठीचे टॅब आणले भरपूर. "खरेदीच्या भावात विकणार," मी जेवताना जाहीर केलं.

"मग खाणार काय?" बायको, म्हणजे स्मिता, म्हणाली.

"अगं, टॅबमध्ये आता काहीच सुटत नाही. ऑनलाइनवाल्यांनी मार्जिनची वाट लावलीये. खरी कमाई कव्हरात. दीडशेचं कव्हर सहाशेला जातं. टॅब घेतला की माणूस कव्हर घेतोच."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "सहाशेक?"

बाई पहिल्यांदाच इंप्रेस झाल्या होत्या! मग काय, मी अख्खं गणित समजावलं. टॅबची साइजसुद्धा सांगितली. कोणी विचारलं होतं का मला?

टॅब झकास खपायला लागले. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका तर एकीमागून एक येत होत्या. पण मी कव्हर पुढे केलं की उत्तर ठरलेलं. "नको रे, आहे माझ्याकडे." आणि पिशवीतून निघायचं कापडी कव्हर. आतून मऊ, वर चेन, बाजूला चार्जरला खिसा. शिवलेलं सुरेख, ते मी मान्य करतो.

मी घाबरलो, आणि घाबरून भाव आणखी पाडला. खरेदीच्याही खाली. गर्दी दुप्पट, कव्हर एक खपेना. म्हणजे प्रत्येक टॅबमागे मीच गिऱ्हाइकाला पैसे देत होतो की हो!

एका दुपारी एका काकूंनी पिवळं कव्हर काढलं. कापड ओळखीचं वाटलं. आमच्या हॉलचा पडदा होता तो. दोन दिवस खिडकी उघडी दिसत होती, मला वाटलं पडदा धुवायला टाकलाय.

शटर ओढलं आणि तडक घरी गेलो. शिलाई मशीन सुसाट चालू, सोफ्यावर कव्हरांचा ढीग, आणि स्मिता खाली बसून धागे कापतेय. घरचीच फितूर, सांगायचं कोणाला?

"आई, हे काय?"

"तुमीच सांगितलास ना जावयबापू, टॅबात काय सुटत नाय, कमाई कव्हरात म्हणान." सासूबाईंनी मशीन थांबवलं नाही. "स्मिताची एफडी भरून इली बघा. तुमचो माल खपलो काय?"

"खपला. सगळा तोट्यात."

"मगे नवीन मागवा. आणि भाव जरा अजून उतरवा बघू. माझ्यो ऑर्डरी कमी झाल्यो हत."