गाणारणीचा जबाब

महाडच्या त्या माडीवरची दुपार मी अजून विसरलेलो नाही. दोन हजारचं दशक सरत आलं होतं आणि मी तिथल्या ठाण्यात नेमणुकीला होतो. एक दिवस निनावी फोन आला. "साहेब, बाजारातल्या माडीवर बायकांना कॅमेऱ्यासमोर बसवतात. धंदा बरा नाय."

डायरीला नोंद केली, पंच आणि महिला पोलीस सोबत घेतले आणि छापा घातला. आत नऊवारीतल्या दोघी इंटरनेटवरून हळदीची गाणी गात होत्या आणि संगणकाच्या पडद्यावर परदेशातल्या एका नवरदेवाला हळद लागत होती. आमचे गणवेश पाहून तिकडच्या मंडळींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग! त्यांनी टाळ्या वाजवल्या. छाप्याला टाळ्या मिळालेला जिल्ह्यात मी एकटाच असेन. गुन्हा काही नव्हताच, आम्ही मुकाट परत फिरलो.

जिन्यात एक गरोदर बाई थांबली होती. जवळच्या कापडे गावची. तीही तिथेच गायची, पण पोट दिसू लागलं तसं मालकाने तिचं काम बंद केलं होतं. घर तिच्याच गाण्यावर चालायचं.

"साहेब, मी गाते ती गळ्यानं. पोटाचा काय संबंध हाय? मला माझं काम परत पायजे."

मला तिचं पटलं. पण हा विषय कामगार अधिकाऱ्याचा, आणि तो पहिल्यांदा हेच विचारणार की ही कामगार आहे का. मालकाला ठाण्यात बोलावून चहा पाजला. दमदाटीने माणूस आवळतो, चहाने सैल होतो, हा माझा अनुभव. मुंबईहून परतलेला तो गडी मात्र ठाम होता.

"सर, ती नोकर नाय, आर्टिस्ट हाय. मर्जीनं येते, मर्जीनं जाते."

मग मी शिमग्याच्या गप्पा काढल्या. शिमग्यात गावदेवाची पालखी दारोदार येते आणि आमच्या भागातला माणूस कुठेही असला तरी त्या दिवशी घर गाठतो. बोलता बोलता विचारलं, "ही बाई गेली असेल ना पालखीला?"

"जातेय कशी? मी सोडलीच नाय. लग्नाच्या सीझनला रजा मागते!"

"मर्जीनं जाणारीला रजा कशाला लागते रे?"

रजेचं ते वाक्य मी हवालदाराला जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

दोघांचे जबाब घेऊन अहवाल कामगार अधिकाऱ्याकडे पाठवला. बाळंतपणानंतर मालकाला तिला कामावर परत घ्यावं लागलं.

ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. चोर ओळखायला मला खात्याने शिकवलं, पण माणसाच्या कामाला काम म्हणायला त्या बाईने शिकवलं. तिचा जबाब घेताना हवालदाराने सवयीने 'धंदा – घरकाम' लिहिलं होतं. ती वाकून म्हणाली, "ते खोडा. नोकरी लिवा."

मी ते खोडायला लावलं आणि खाडाखोडीवर माझी सही केली.