अण्णांची डीपी आणि माझी मोटर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. खरं सांगतो, रडू येण्याआधी मनात आलं, बरं झालं, परवाच त्यांना सगळं सांगून टाकलं...

अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. वायरमन म्हणून निवृत्त झाले आणि राजूरजवळच्या आमच्या गावी परतले. तोवर पाणी खोल गेलं होतं, तीन एचपीच्या मोटरी पाचाच्या, पाचाच्या साडेसाताच्या झाल्या होत्या. वर प्रत्येकाचा ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू. सगळ्या मोटरी एकदम उठायच्या आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळायची. अण्णांनी घरोघर फिरून ऑटो काढायला लावले, डीपीवरचा भार हलका करणारे कॅपॅसिटर मोटरींना बसवले. मी मास्तर, त्यांच्या बाजूनं सभेत भाषण ठोकलं आणि माझा ऑटो तेवढा गुपचूप ठेवला.

हरभरा घाट्यात असताना डीपी जळाली. ‘कॅपॅसिटरनंच घात केला’ म्हणत गाव अण्णांवर तुटून पडलं. नवी येईपर्यंत पिकं सुकली. अण्णा ऐकून घेत राहिले आणि मी, लाज वाटते लिहायला, मूग गिळून बसलो. नंतर जालन्याला वीज कंपनीच्या ऑफिसात हेलपाटे घालून त्यांनी लाइटीची दिवसाची पक्की वेळ ठरवून आणली आणि मोटरी एकामागून एक सुरू करायचे नंबर लावले.

अण्णा जायच्या दोन दिवस आधी, दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी मी कबूल केलं, “अण्णा, माझाबी ऑटो चालूच व्हता.”

ते खोकत हसले. “म्हाईत हाय. तू पारावर चहा पिऊन राह्यला, अन् तिकडं तुझी मोटर चालू. तिला काय पाय फुटले व्हते?”

“मंग बोलले का न्हाई?”

“तुझा एक निघाला असता. बाकीच्यांचं काय? लाइट कधी येती कधी जाती, भरवसाच न्हाई, म्हणून लोकं ऑटो लावतेत. येळ बराबर पाळली की बिलकुल गरज पडत न्हाई.”

वर्षानुवर्षांचं ओझं उतरलं. धाकधूक एवढीच होती, की त्यांच्यामागं गाव पुन्हा पहिल्या वळणावर जाईल. अण्णांना जाऊन दोन महिने होत आले.

काल ठरल्या वेळेला लाइट आली. शिवार क्षणभर गप्पच. मग टोकाच्या शेतातली मोटर सुरू झाली, मग तिच्या अलीकडची. माझा नंबर पाचवा. मी स्टार्टरपाशी हात मागं बांधून उभा होतो, आणि मला हसू आवरत नव्हतं.