मूलमधली लंकेवाली

लग्न करून मी चंद्रपूरजवळच्या मूल गावी आले तेव्हा मला मराठीतले दोनच शब्द येत होते, ‘चल’ आणि ‘बस’. दोन्ही नवऱ्याने शिकवलेले. कुवेतमधल्या एका दवाखान्याच्या धुलाईघरात आम्ही दोघं कामाला होतो. तो इथला, मी श्रीलंकेतल्या एका भातशेतीच्या गावची. मोडक्या हिंदीत आणि मोडक्या अरबीत आमचं छान चाललं होतं.

घरात सासू, मोठे दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. आठवडाभरात मोहल्ल्याने माझं नाव पाडलं, लंकेवाली. दुकानदार तेच म्हणायचा, दूधवाला तेच. माझं खरं नाव विचारायची गरज कोणाला पडली नाही. दसऱ्याला एका पाहुण्याने मला विचारलं, रावण तुमचा कोण लागतो? सगळे हसले. मला प्रश्न कळला नव्हता, म्हणून मीही हसले.

पहिलं भांडण नारळावरून झालं. आमच्याकडे नारळाच्या दुधाशिवाय भाजी होत नाही. इथे नारळ फक्त पूजेच्या दुकानात, शेंडीवाला. मी एक आणला, सुरीने खरवडला, दूध काढलं आणि बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, मासोळ्यांचा रस्सा केला. सासूने कढईत डोकावून पाहिलं आणि ती उपाशीच झोपली. देवाचा नारळ मी मासोळीत घातला होता. दीरही ताटावरून उठले. जाऊ तेवढी जेवली. “वाईट नाई लागत,” ती म्हणाली, “पण पुन्हा करू नको.”

मला मराठी शिकवली ती या जावेने. मी तिला बाई म्हणायची. रोवणीच्या दिवसांत ती मला बांधीत घेऊन गेली. चिखलात उभी राहून एकेक वस्तू दाखवायची आणि तिचं नाव माझ्याकडून म्हणून घ्यायची. धानाची रोपं म्हणजे पऱ्हे, शेताचा तुकडा म्हणजे बांधी. रोवायला मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझा हात तिच्याहून भरभर चालायचा आणि तिला त्याचं कौतुक होतं. “आमची लंकेवाली पाहा,” ती बाकीच्या बायांना सांगायची. त्या ‘आमची’वर मी बरीच वर्षं काढली. लिहायला मी पुढे मुलीच्या पहिलीच्या पुस्तकातून शिकले.

मुलगी झाल्यावर नवरा परत कुवेतला गेला. सुरुवातीला रोज फोन यायचा, मग शुक्रवारी, मग सणाला.

अशाच एका रोवणीच्या दिवसांत, पौर्णिमेच्या संध्याकाळी, मी बांधीवरून एकटी परत येत होते. गावाच्या टोकाच्या वस्तीतून भोंग्यावर आवाज येत होता. मी थांबले. ती पाली भाषा होती. आईने मला चालायच्या आधी शिकवलेली वंदना कोणीतरी इथे, मूलमध्ये, म्हणत होतं. उच्चार निराळे होते, पण शब्द न् शब्द तोच. चिखलाच्या पायांनी मी आवाजामागे गेले. एक छोटं विहार होतं, आत पांढऱ्या लुगड्यातल्या बाया बसल्या होत्या. दारात उभी राहून मीही म्हणू लागले.

एका म्हातारीने मागे वळून पाहिलं. “तुले कसं येते हे?” तिने विचारलं.

“आमच्या गावात सगळ्यांना येतं,” मी म्हणाले.

तिने मला हाताला धरून पुढे नेऊन बसवलं. त्या दिवसापासून तिथे माझा एवढा मान झाला की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. माहेरी असताना पौर्णिमेला विहारात जायचा मला कंटाळा यायचा, हे त्यांना कसं सांगणार? पण तिथे मला कोणी लंकेवाली म्हटलं नाही. त्या म्हातारीने पहिल्याच दिवशी माझं नाव विचारलं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. सासू अंगणातच उभी होती.

“तिकडं आपले लोक जात नाईत,” ती म्हणाली.

“पण तो माझाच धर्म आहे, आई.”

“तुया देशात असन. इथी ते लोक वेगळे.”

वेगळे म्हणजे काय, ते समजायला मला एक रात्र लागली. देवावरून कोणाचंच काही म्हणणं नव्हतं, सासूच्या देव्हाऱ्यातही बुद्धाचं एक चित्र होतं. मी कोणाच्या शेजारी बसले, कोणाच्या घरचं पाणी प्यायले, एवढाच प्रश्न होता. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “आईचं ऐक.” मी ऐकलं नाही. दर पौर्णिमेला जात राहिले. महिन्याभरात माझी ताटवाटी वेगळी झाली, एका कोपऱ्यात. ती वेगळी ठेवली बाईनेच. डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाली, “आईनं सांगतलं.” पण दोन वर्षांनी सासू गेली, तरी माझं ताट त्याच कोपऱ्यात राहिलं. तोवर नवऱ्याचा फोनही बंद झाला होता. त्याने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं, असं मला दूधवाल्याकडून कळलं.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न ठरलं. नवरदेव घुग्घुसचा. महिनाभर मी पापड केले, तांदूळ निवडले, मांडवाची जागा सारवली. आदल्या दिवशी बाई माझ्याजवळ येऊन बसली.

“तू उद्या पोरीले घेऊन चंद्रपूरले जाजो,” ती म्हणाली.

“काऊन, बाई?”

“पाव्हणे विचारतीन. ही कोण, हिचा माणूस कुठी, आन् ही तिकडं काऊन जाते. एकेकाले का का सांगू?”

मी भांडायला हवं होतं. सगळे शब्द येत होते मला, तिनेच शिकवलेले. पण मी उठून पोरीचा नवा फ्रॉक काढून ठेवला. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी चंद्रपूरला गेलो. रामाळा तलावाच्या काठी बसलो. ऊन असं होतं की बाकावर टेकवत नव्हतं. पोरीने नवा फ्रॉक घातला होता. ताईच्या लग्नाला आपण का नाही, असं तिने दोनदा विचारलं आणि मग ती काठावरचे खडे वेचू लागली. ते खडे वेचणं मला अजून सलतं.

संध्याकाळी परतलो तेव्हा मांडवात फक्त खुर्च्या रचणारी माणसं होती. पुतणी सासरी गेली होती. माझ्या कोपऱ्यात झाकून ठेवलेलं ताट होतं, वडे, भात, बुंदी. बाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता.

“जेवून घे,” ती म्हणाली.

पोरीने ताटाला हात लावला नाही. मला भूक लागली होती. मी जेवले.